पावती आपली, तडजोड त्यांची

डाव्या मित्रांच्या बैठकांत एक मागणी परत परत उठते. डाव्यांचे तुकडे झालेत, जुने पक्ष थकलेत, तेव्हा एक नवा पक्ष काढा. मूठभर केडरचा नको, लाखो सभासदांचा काढा. कामगार, शेतकरी, दलित, आदिवासी, बाया, सगळ्यांना आत घ्या. आपल्यातली काही पोरं या हाकेला भुलतात. काही तिकडं बघतसुद्धा नाहीत, 'लाल्यांचा धंदा' म्हणून मोकळी होतात. दोन्ही घाई आहे. बाजारात पावशेर मिरची घेताना आपण वजन बघतो, इथं तर उमेदीची वर्षं द्यायचीत. मागणी तपासूनच घेतली पाहिजे.

मुद्दा एकच आहे, आधीच सांगून टाकतो. सभासद किती, हा प्रश्न नंतरचा. तडजोडीच्या दिवशी सभासदाला 'नाही' म्हणता येतं का, हा पहिला प्रश्न. ज्या पक्षात ते म्हणता येत नाही, त्याचे सभासद कोटीत असोत, ती नुसती पावतीपुस्तकं. आणि हे मी हवेतलं बोलत नाही, मुळशीपासून बोलतो.

१

नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमावर टाटांच्या कंपनीनं धरण बांधायला घेतलं. मावळातली गावंच्या गावं पाण्याखाली जाणार होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. पांडुरंग महादेव बापट पुढारी. 'सेनापती' ही पदवी त्यांना इथंच चिकटली. बरोबर विनायकराव भुस्कुटे. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्यावर २००९ साली इंग्रजीत पुस्तक काढलं, त्याच्या नावातच ही जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलीय. आपल्याकडं भाषणांत हे वाक्य फार अभिमानानं येतं. अभिमान ठीक आहे. पण पहिली चळवळ हरली कशी, हे भाषणांत येत नाही.

ती हरली ती अशी. सरकारनं भरपाई देऊन जमीन घ्यायचा रस्ता टाटांना मोकळा करून दिला. त्या दिवशी चळवळ उभी फाटली. मुळशीतली बरीच जमीन पुण्यातल्या ब्राह्मण सावकार-जमीनदारांच्या नावावर होती. त्यांना भरपाई चालणार होती, कारण त्यांचं पोट त्या मातीवर नव्हतं. कुळाला पैसा नको होता, जमीन पाहिजे होती, कारण पैसा मालकाला मिळणार आणि कूळ वाऱ्यावर. बापट कुळांच्या बाजूनं राहिले. माणूस सच्चा, यात वाद नाही. तुरुंगात गेला, सुटला, परत गेला, शेवटी रेल्वेवरच्या घातपाताबद्दल सात वर्षांची सजा घेतली. पण काँग्रेस कमिटीत वजन होतं मालकांचं. १९२४ पर्यंत सगळं आटोपलं. धरण झालं.

आता प्रश्न विचारा. धरणाच्या कामावर जाऊन बसलेल्या, डोकी फोडून घेतलेल्या मावळ्याला कुठल्या कमिटीत मत होतं? भरपाई घ्यायची का नाही, हे ठरवताना कुळांची मोजणी कुणी केली? अंग त्यांचं, सही दुसऱ्याची.

आणि मावळ्याच्याही खाली एक माणूस होता. गाव बुडतं तेव्हा शेताला दर असतो, घराला दर असतो. बलुत्याला काय दर? वेसकराच्या भाकरीला काय दर? महारांची हाडकी-हाडवळा ही वतनाची जमीन, म्हणजे गावच्या आणि सरकारच्या चाकरीला बांधलेली. १८७४ च्या वतन कायद्याचा हा फास बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक आणून सोडवायचा प्रयत्न केला. तो सुटायला १९५८ चा कायदा यावा लागला. गावच गेलं की चाकरी गेली, चाकरीबरोबर बलुतं गेलं. 'जान किंवा जमीन' या घोषणेत ज्याला जमीन नाही त्याच्या वाट्याला फक्त जान उरते. मुळशीचे गोडवे गाताना हे कुणी तरी म्हटलं पाहिजे.

२

मुळशीचं पाणी घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात पडू लागलं १९२७ मध्ये. टाटांची वीज मुंबईच्या गिरण्यांना जात होती. तारेमागोमाग आपणही गिरणीत जाऊ.

१९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला. गिरणी कामगार युनियन तेव्हाच उभी राहिली, लाल बावट्याची, प्रचंड सभासदांची. डाव्यांना आज जसा पक्ष पाहिजे तशीच तब्येतीनं दांडगी. पण गिरणीत जास्त मजुरीचं जे विणकाम खातं, तिथं अस्पृश्याला मज्जाव होता. कारण काय, तर धोट्यात सूत ओवताना ते तोंडानं ओढावं लागे, आणि आपल्या थुंकीनं सवर्ण कामगार बाटला असता. म्हणजे मालकाविरुद्ध सगळे एक, आणि मागाजवळ दोन. हा मज्जाव मालकानं एकट्यानं घातलेला नव्हता, कामगार बंधूंनीच तो टिकवून धरला होता. युनियनच्या पुढाऱ्यांना त्याचा जाब बाबासाहेबांना विचारावा लागला. विचार करा, हजारो सभासदांची संघटना, त्यात आपलेही लोक वर्गणी देतात, संप करतात, उपाशी मरतात, आणि एवढा उघड अन्याय आतून बाहेर येत नाही. तो बाहेरच्या माणसानं काढावा लागतो. असल्या सभासदत्वाला काय म्हणायचं?

१९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या भाषणात बाबासाहेबांनी समाजवाद्यांना हेच विचारलंय. क्रांती झाल्यावर आपल्याला बरोबरीनं वागवतील, जातीचा भेद करणार नाहीत, एवढा भरवसा वाटल्याशिवाय इथला गरीब क्रांतीत सामील होणार आहे का? समाजवाद्यांनी या प्रश्नाला पाठ दाखवली. 'आर्थिक पाया बदलला की जात आपोआप जाईल' हे पालुपद लावून बसले. पाया बदलायला जी माणसं लागतात तीच जातीनं फोडलेली आहेत, हे त्यांच्या पोथीत बसेना.

३

पण बाबासाहेब नुसता प्रश्न विचारून थांबले नाहीत. त्याच १९३६ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. डाव्या मित्रांनो, ज्या नव्या पक्षाची वाट बघताय, त्याचा एक नमुना या महाराष्ट्रात होऊन गेलाय. तुम्ही त्याला 'दलितांचा पक्ष' म्हणून फडताळात टाकला. त्याचं नाव मजूर पक्ष होतं, जाहीरनामा कुळांचा, शेतमजुरांचा, कामगारांचा होता. १९३७ च्या निवडणुकीत १७ उमेदवार उभे केले, बहुतेक निवडून आले. सप्टेंबर १९३७ मध्ये खोती नष्ट करायचं विधेयक आणलं. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातली हजारो कुळं मुंबईत कौन्सिलवर चालून आली. कुणबी आणि महार एका मोर्चात! आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला काँग्रेस सरकारच्या कामगारविरोधी काळ्या विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांबरोबर एक दिवसाचा संप.

कुणबी महाराच्या पुढाऱ्यामागं का चालला? त्याची जात एका रात्रीत गळून पडली होती म्हणून नव्हे. खोत दोघांच्या छातीवर बसला होता, आणि या पक्षाला खोताशी आतून सौदा करायचा नव्हता. मुळशीत जमीनदार आणि कूळ एकाच चळवळीत, एकाच कमिटीच्या छत्राखाली होते, म्हणून मालकानं कुळाच्या वतीनं सही केली. स्वतंत्र मजूर पक्षात खोताला जागाच नव्हती. हा फरक पाठ करून ठेवा.

मग तो पक्ष का टिकला नाही? एक कारण त्या काळाचं. १९४२ ला क्रिप्स आला तेव्हा राज्यघटनेची बोलणी जातीजमातींच्या प्रतिनिधींशी चालली होती, मजुरांच्या पक्षाला त्या टेबलावर खुर्ची नव्हती. त्याच वर्षी नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन निघालं. दुसरं कारण डाव्यांचं. शामराव परुळेकर या पक्षाचे आमदार, ते पुढं कम्युनिस्ट पक्षात गेले, वारल्यांच्या उठावात गाजले. जाणं येणं चालायचंच. पण कम्युनिस्टांनी हा पक्ष आपला जोडीदार मानला नाही. माणसं उचलली, प्रश्न मागं ठेवला.

४

आता आपल्या घरात या. दुसऱ्याचं वजन करताना आपला तराजू लपवायचा नसतो.

३ ऑक्टोबर १९५७ ला नागपुरात रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. बाबासाहेबांच्या मनातला तो सर्वांचा पक्ष, फेडरेशन मोडून काढलेला. वर्ष-दोन वर्षांत त्याचे 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' असे गट पडले. एकीकडं बी. सी. कांबळे, शिकलेले, घटनेच्या चौकटीत बोलणारे. दुसरीकडं दादासाहेब गायकवाड, धोतर नेसणारे, भूमिहीनांना घेऊन उतरणारे. दादासाहेबांनी १९५९ मध्ये जमिनीचा सत्याग्रह केला. ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर केला. लाखांवर माणसं तुरुंगात गेली. अंगठेबहाद्दर बाया तान्ह्या पोरांसकट आत गेल्या. स्वातंत्र्यानंतरच्या महाराष्ट्रात भूमिहीनांचा याच्या तोडीचा लढा डाव्यांनीही उभा केलेला दिसत नाही.

आणि १९६७ मध्ये? यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसशी समझोता. समझोता करायचाच नसतो असं माझं म्हणणं नाही. पण जी बाई पोर कडेवर घेऊन तुरुंगात गेली, तिला कुणी विचारलं का की बाई, जमिनीचा लढा आता थांबवायचा का? कुठल्या शाखेत हात वर झाले? पुढं पक्षाचे इतके गट झाले की एकेका नेत्याच्या आडनावाचं एकेक अक्षर कंसात लावायची पाळी आली. १९९८ ला एकी झाली, तर काँग्रेसबरोबरच्या युतीत चार खासदार खुल्या जागांवरून निवडून आले, प्रकाश आंबेडकर, रा. सु. गवई, जोगेंद्र कवाडे, रामदास आठवले. लोकांनी एकी केली होती, नेत्यांनी ती मोडली. आज त्याच वारशातला एक गट शिवसेना-भाजपच्या मांडवात जाऊन कित्येक वर्षं झाली. गावच्या शाखेला ते पेपरात वाचून कळलं.

पँथर १९७२ ची. तिनं आम्हाला कणा दिला, भाषा दिली. १० जानेवारी १९७४ ला भागवत जाधव वरळीच्या दंगलीच्या काळात मोर्चात मारला गेला. पण पँथरला छावण्या होत्या, रीतसर सभासद नव्हता. म्हणून मार्क्स का बुद्ध हे भांडण १९७४ मध्ये पत्रकांतून आणि व्यासपीठांवरून लढलं गेलं, शाखांच्या मतांनी सुटलं नाही. ७ मार्च १९७७ ला राजा ढाले आणि ज. वि. पवार यांनी बरखास्ती जाहीर केली. पँथरला जीव द्यायला तयार असलेली पोरं खेडोपाडी होती. बरखास्तीवर त्यांना मत होतं का?

२०१९ च्या लोकसभेत वंचित बहुजन आघाडीला आणि तिच्या मित्रपक्षाला मिळून महाराष्ट्रात चाळीस लाखांच्या आसपास मतं पडली. मतं प्रचंड. पण मत म्हणजे सभासद नव्हे. मतदार एका दिवसाचा असतो, सभासद रोजचा. त्या वर्षीच विधानसभेला मित्रपक्षाशी काडीमोड झाला. निर्णय बरोबर की चूक, ते सोडा. तो चाळीस लाखांतल्या कितीजणांनी घेतला?

तेव्हा सभासदाला मुकं ठेवायचा रोग लालही आहे आणि निळाही आहे.

५

डावे म्हणतील, आम्ही खरोखरच सभासदांचा पक्ष करू. करा. पण जगात काय झालं ते बघा. १९१२ साली जर्मनीच्या संसदेत सगळ्यात मोठा पक्ष समाजवाद्यांचा होता. १९१४ मध्ये दहा लाखांच्या आसपास सभासद, वर्तमानपत्रं, युनियनी, सगळं होतं. ४ ऑगस्ट १९१४ ला त्यांच्या खासदारांनी कैसरला युद्धासाठी पैसा मंजूर केला. दहा लाख सभासदांना खंदकात जायचं होतं, मत खासदारांचं चाललं.

अलीकडचं घ्या. २०२५ मध्ये ब्रिटनमध्ये जेरेमी कॉर्बिन आणि झारा सुलताना यांनी डाव्यांच्या नव्या पक्षाची हाक दिली. लाखोंनी नावं नोंदवली. आणि सप्टेंबरात पहिलं जाहीर भांडण कशावरून? सभासद नोंदणीवरूनच! एकीनं नोंदणी उघडली, दुसऱ्यानं ती अनधिकृत ठरवली. यादी कुणाच्या हातात, पैसा कुणाच्या खात्यात, यावर पक्ष जन्माला यायच्या आधीच कुस्ती. हसू नका. आपल्याकडं यादी असती तर आपणही तेच केलं असतं.

इथला कायदाही सभासदाला ओळखत नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदीनं आमदाराला व्हिप लावला, सभासदाला काही दिलं नाही. शिवसेना फुटली तेव्हा लाखो सभासदांची प्रतिज्ञापत्रं गोळा झाली. १७ फेब्रुवारी २०२३ ला निवडणूक आयोगानं नाव आणि चिन्ह शिंदे गटाला दिलं ते आमदार-खासदारांची डोकी मोजून. वर पक्षाची घटनाच लोकशाहीची नाही असा शेरा मारला. तो पक्ष आपला नव्हे, पण धडा आपला आहे. घटनेत सभासदाचा हक्क लिहिलेला नसेल तर लाखो सह्यांची किंमत रद्दीची. आणि २०१४-१५ मध्ये भाजपनं मिस्ड कॉलवर सभासद केले, कोटींनी केले. मिस्ड कॉलवाल्या सभासदाला काय विचारायचं असतं? काही नाही. तो फक्त मोजायचा असतो. डाव्यांचा नवा पक्ष असाच मोजणीचा असेल तर त्यात ते हरणारच. तो खेळ शेठजींचा आहे.

६

परत मुळशीत या. आजची मुळशी धरणाच्या भिंतीपुरती नाही. हिंजवडी-माणला आयटी पार्क आहे. डोंगरात लवासा आहे. २०१० मध्ये पर्यावरण खात्यानं त्याचं काम रोखलं आणि २०१८ मध्ये कंपनीचं दिवाळं कोर्टात गेलं. पिरंगुट-उरवड्याकडं कारखाने आहेत. 'मुळशी पॅटर्न' हा सिनेमा २०१८ ला आला. जमीन विकून बसलेल्या पाटलाची आणि त्याच्या बिघडलेल्या पोराची ती शोकांतिका आहे. सिनेमा वाईट नाही. पण ज्याच्याकडं विकायलाच काही नव्हतं त्याचा पॅटर्न कोण काढणार? सातबारावर नाव नसलेला आयटी पार्कच्या दारावर वॉचमन झाला, त्याची बायको आतले संडास धुते, दोघांचा मालक ठेकेदार.

७ जून २०२१. उरवडे, तालुका मुळशी. रसायनाच्या कारखान्यात आग लागली. १७ कामगार जळून मेले, त्यांत बहुतेक बाया. मदत जाहीर झाली, चौकशी जाहीर झाली. त्या बाया कुठल्या पक्षाच्या, कुठल्या युनियनच्या रजिस्टरवर होत्या? मुळशी सत्याग्रहाला तेव्हा बरोबर शंभर वर्षं झाली होती. एका बाजूला शताब्दीचे हार, दुसऱ्या बाजूला या चिता. डाव्यांना नवा पक्ष पाहिजे का, हा प्रश्न मला या चितांपाशी उभं राहून विचारावासा वाटतो. तिथं त्याचं उत्तर 'हो' असंच येतं. विखुरलेल्या, ठेक्यावरच्या, जातीनं आणि बाई म्हणून दुहेरी दाबलेल्या माणसाला युनियन एकटी पुरत नाही, एनजीओ तर नाहीच नाही. त्याला राजकीय पक्ष लागतो. मोठा लागतो. जातीच्या एका वाड्यापुरता पुरत नाही.

पण कसा? पोरांनो, पुढच्या बैठकीला कुणी असा पक्ष घेऊन आला तर या अटी त्याच्यापुढं ठेवा.

एक. सभासदांची नोंदवही वस्तीतल्या शाखेकडं राहील. वर तिची नक्कल जाईल, अस्सल जाणार नाही.

दोन. पैसा वर्गणीचा. पाच रुपये द्या, पण सगळ्यांनी द्या. हिशोब समाजमंदिराच्या भिंतीवर लागेल. ज्याच्या पैशावर पक्ष चालतो त्याचंच पक्ष ऐकतो.

तीन. युती, माघार, भरपाई, तिकीटवाटप, यातलं काही शाखांच्या मताशिवाय होणार नाही. आणि ज्यांचं सगळ्यात जास्त जाणार त्यांचं मत वेगळं मोजलं जाईल. भूमिहीन, ठेक्याचे मजूर, बाया यांनी 'नाही' म्हटलं तर बहुमतानं ते पुसता येणार नाही. याला कुणी फूटपाड्या म्हणालं तर त्याला येरवड्याची आठवण द्या. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात राखीव जागेसाठी चार उमेदवार निवडायची पहिली फेरी फक्त अस्पृश्य मतदारांची होती. तेवढंच उरलं होतं आपल्या हातात, आणि तेही दहा वर्षांच्या बोलीवर. वेगळं मत का लागतं हे आपल्याइतकं कुणाला कळणार?

चार. निवडून दिलेल्याला परत बोलवायचा हक्क. मग तो कुणाचा नातू असो की कुणाचा पट्टशिष्य.

पाच. जातिअंत हा जाहीरनाम्याच्या शेवटचा परिच्छेद नसेल. शाखेची बैठक आळीपाळीनं भरेल, बौद्धवाड्यात, मातंगवस्तीत, कातकऱ्यांच्या वाडीत. मराठा आळीतला कॉम्रेड तिथं येऊन बसेल, तिथलं पाणी पिईल. ज्याला एवढं जमत नाही त्याला क्रांती जमणार नाही.

या अटी डाव्यांना मान्य नसतील तर त्यांचा पक्ष त्यांना लखलाभ. पण त्याच अटी आपल्या निळ्या झेंड्याखालच्या नेत्यांनाही लावायच्या. एकाला सूट, दुसऱ्याला जाब, हे चालणार नाही. आणि परिषद भरेल, ठराव होईल, नाव-चिन्ह ठरेल म्हणून थांबू नका. शाखा आधी, परिषद मागनं. मुळशीत, मावळात, भोरात, जिथं दहा माणसं ठेक्यावर राबतात तिथं एक वही उघडा. पहिल्या पानावर नावं लिहा. दुसऱ्या पानावर लिहा की यांच्या वतीनं सही कुणी करायची, आणि ती कुणाला विचारून. हे दुसरं पान कोरं ठेवून शंभर वर्षांत आपण बरंच काही घालवलं.

जय भीम.